लेण्याद्रीच्या वाटेवरच्या शेवया

देवगड, रविवार, २२ एप्रिल १९५६

बाबांना आज काय झालं कळत नाही. जेवताना मान वर न करता म्हणाले, "लेण्याद्रीक जावचा आसा. जुनो नवस आसा." कसला नवस, कधी बोललात, असं विचारलं तर "तुका काय करूचा आसा?" म्हणून ताकाची वाटी तोंडाला लावली. ऐन आंब्याचे दिवस. अढ्या लावून झालेल्या नाहीत, मुंबईच्या पेट्या भरायच्या आहेत. ज्या माणसाने घरातल्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा आंबा उतरेपर्यंत धरू दिला नाही, तो म्हणतो, बाग गडी बघतील!

ते पडवीत गेल्यावर, मी शिकवते त्या शाळेचा नकाशा काढला. कोल्हापूर, सातारा, पुणे, तिथून नाशिकचा रस्ता, मोशी, चाकण, नारायणगाव, जुन्नर. चाकणवर बोट आलं आणि तिथेच राहिलं.

चाकणला दत्तू राहतो. दत्तोबा, माझा धाकटा भाऊ. लढाई संपल्यावर पलटणीबरोबर तो सयामात होता. तिथून लग्न करून मालैला घेऊन घरी आला, तेव्हा बाबांनी दोघांना घरापुढच्या खळ्यातूनच परत लावून दिलं. वर देवापुढे नारळ ठेवून बोलले, की हा मुलगा पुन्हा माझ्या दारात चढणार नाही. बाबा शब्दाचे फार पक्के. नऊ वर्षांत घरात त्याचं नाव निघालेलं नाही. तो मला शाळेच्या पत्त्यावर लिहितो. रस्त्याच्या कडेला दोघांनी खानावळ घातली आहे. मालै तिच्या देशातल्या तांदळाच्या शेवया करते आणि ट्रकवाले मुद्दाम थांबून खातात म्हणे. फाल्गुनातल्या पत्रात त्याने आणखी एक लिहिलं होतं. मालैला दिवस गेले आहेत. याआधीची दोन राहिली नाहीत. हे सगळं या घरात मला एकटीला ठाऊक आहे.

बाबांना त्या दारात नेऊन उभं करायचंच. कसं ते सुचलेलं नाही. पण इतकी सरळ वाट देव पुन्हा देणार नाही.

बुधवार, २५ एप्रिल

माजघरामागची अंधारी खोली बाबांनी गड्यांकडून रिकामी करून घेतली. भिंतींना चुना दिला, जमीन सारवून घेतली. पावसाळ्यात भात ठेवायला, म्हणाले. भाताला कोठी आहे की! पण म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं.

संध्याकाळी आईची जुनी लुगडी मागितली. "मऊ झालेली बघ. मोटार पुसूक." आईचं लुगडं मोटार पुसायला! मी चांगली रागावले. तर म्हणाले, बरं, पुसत नाही, पण बांधून घे.

रविवार, २९ एप्रिल

कोल्हापूरहून भाड्याची मोटार आली. जुनी काळी फोर्ड. चालक ज्योतीराम हसरा आणि बोलका माणूस आहे. बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्याला विहिरीपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. चाकणच्या अलीकडे मी पदर सावरीन, त्याने गाडी तापली म्हणून थांबवायची, आणि थांबवायची ती बरोबर त्या खानावळीसमोर. त्याने ऐकून घेतलं आणि एकदम हसत सुटला. "काय झालं?" विचारलं तर, "काय न्हाई ताई. तुमी बाप-लेक दोघंबी भारी." यात बाबा कुठे आले, कोण जाणे.

बाबांनी मागच्या बैठकीवर नवी कापसाची गादी घालून घेतली. "तुझ्या पाठीक." मी पाठीची कधी तक्रार केलेली आठवत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. वरून कठोर दिसतात, पण माझी काळजी आहे त्यांना.

जायचं यायचं सगळं अवसेच्या आत, असा हुकूम आहे.

पुणे, मंगळवार, १ मे

फोंड्याचा घाट, कोल्हापूर, कराड, सातारा. धुळीने केस राठ झाले. बाबा पुढे बसतात आणि ज्योतीरामला खड्डे दाखवतात. एकेक खड्डा लक्षात ठेवल्यासारखे. "हयसर येताना हळू घेवक व्हयी." मी म्हटलं, येताना आणि जाताना काय फरक आहे? माणसं तीच. त्यांनी पुढचा खड्डा दाखवला.

त्यांना दत्तूचं नाव ऐकायची सवय व्हावी म्हणून मी आडून आडून विषय काढते. आज म्हटलं, "शिमग्याला सोनबा आला होता ना, तो देहूरोडच्या डेपोतच आहे अजून? ते इथून जवळच." सोनबा हा दत्तूच्या पलटणीतला. शिमग्याच्या वेळी बाबांबरोबर बंदरावर फिरायला गेला होता तो दिवे लागल्यावरच परत आला. बाबा म्हणाले, "असतलो." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, नको त्या ठिकाणी बोट लागलं.

चाकण, गुरुवार, ३ मे

काय लिहू आणि किती लिहू.

काल चिंचवडला मोरया गोसावींचं दर्शन झालं, आज सकाळी तिथून निघालो. मोशीला इंद्रायणी ओलांडली. रस्ताभर कांद्याचे ट्रक. माझं सगळं लक्ष मैलांच्या दगडांकडे. चाकणचा दगड दिसला, मी पदराला हात घातला, तोच बाबा म्हणाले, "थांबय रे. गाडी तापली दिसता."

ज्योतीराम सवयीने बोलून गेला, "तापली न्हाई अजून." मग आरशात माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाला, "तापली, तापली. लई तापली."

देवाची करणी म्हणतात ती हीच. गाडी थांबली ती पाटीच्या बरोबर समोर. 'बँकॉक उपाहारगृह'. बाबांचा चष्मा खिशात होता म्हणून बरं. पाटीकडे न बघता ते थेट आत शिरले.

आत चार बाकं, शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन, आणि वास मात्र असा की आपण कोकणातच आहोत. नारळाच्या रसाचा. चुलीपाशी मालै. नऊवारी लुगडं तिने इथल्या बायकांसारखं घट्ट नेसलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि पोट चांगलं वर आलेलं. तिने बाबांना पाहिलं. डाव खाली ठेवला, दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले आणि कमरेतून वाकली. नऊ वर्षांपूर्वी आमच्या खळ्यात वाकली होती, अगदी तशीच.

बाबा बाकावर बसले. "काय आसा खावक?"

"शेवया हायती. बसा की."

माझ्या नणंदपणाची सगळी अक्कल पळाली. सयामची पोर आणि बोलते मावळातल्या कुणब्याच्या लेकीसारखी! तिने त्यांना ओळखलं होतं, पण ओळख दिली नाही. पितळी आणली. पांढऱ्याशुभ्र शेवयांची वेटोळी, वर पिवळंजर्द कोंबडीचं कालवण, बाजूला मोडाचे मूग आणि लिंबाची फोड. हुबेहूब आमचे शिरवाळे. आम्ही गुळाच्या गोड रसाबरोबर खातो, हे तिखट, एवढाच फरक.

बाबांनी पहिला घास घेतला. मी माझ्या पितळीला हात लावला नव्हता.

"मीठ कमी आसा."

मेले मी. पण मालैने शांतपणे मीठ आणलं. बाबांनी चिमूटभर घेतलं आणि पितळी साफ केली. मग दुसरी मागितली. "ह्यात गवती चहा घातलंस?"

"व्हय. आमच्याकडं घालत्यात."

"तुमच्याकडे म्हणजे खंय?"

तिने जरा विचार केला. "माज्या आईकडं," म्हणाली.

बाबांनी लिंबाची फोड पिळली. दुसरी पितळीही संपली.

तेवढ्यात दोन ट्रक थांबले आणि सातआठ माणसं आत आली. शेवया संपल्या होत्या. मालैने लाकडी साचा उकळत्या पातेल्यावर बसवला, पिठाचा गोळा आत घातला आणि वरच्या दांड्यावर अंगाचा भार टाकला. दांडा हलेना. ती पुन्हा रेटायला गेली तर पोट मध्ये यायचं, म्हणून एका कुशीवर वळून दाबायला लागली.

बाबा ताडकन उठले. "ह्या कोण दाबता रोज?"

"मीच की. मालक नारळ आनाया पुन्याला जात्यात तवा."

"सर बाजूक."

"बाबा, ऱ्हाऊ द्या…"

"सर म्हटलंय मा?"

सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि सत्तर वर्षांचा माझा बाप त्या दांड्यावर जाऊन बसला. शेवया सरसर पाण्यात उतरल्या. "साच्याची जाळी खराब आसा," म्हणाले, "दांडो आखूड आसा. असलो साचो घरात ठेवतत?" मला वाईट वाटलं. इतकी वर्षं गेल्यावर भेट झाली आणि यांना खोडच काढायची. मालै मात्र स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. लागलं असेल बिचारीला.

दत्तू दुपारी आला. खांद्यावर नारळाचं पोतं. दारातच उभा राहिला, पोतं खाली ठेवायचंही सुचेना. बाबा दांड्यावर बसलेले, घामाने निथळत. त्यांनी वर बघितलं आणि ज्योतीरामला म्हणाले, "तेका सांग, नारळ सावलीत ठेव म्हणान."

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

शुक्रवार, ४ मे

ज्योतीराम म्हणतो गाडीचा कसलासा भाग पुण्याहून यायला हवा, दोन दिवस लागतील. मी त्याला हळूच म्हटलं, शाबास, आता पुरे हं, बाबांना संशय येईल. तो पुन्हा हसला.

शेजारच्या मळ्यातल्या सोजराबाई सकाळीच आल्या. इथल्या जुन्या घरातल्या. मालैला बोलायला, लुगडं नेसायला, भाकरी थापायला सगळं यांनीच शिकवलं. पंचक्रोशीतली बाळंतपणं याच करतात. बाबा त्यांच्याशी विहिरीपाशी बराच वेळ बोलत उभे होते. बोटांवर काही मोजत होते. कांद्याच्या भावाची चौकशी करत असतील. पुढल्या वर्षी घाटावरून कांदा न्यायचा विचार दिसतो.

सोजराबाई जाताना मला म्हणाल्या, "तुजा बाप लई शाना हाय ग." मी म्हटलं, हट्टी आहेत. म्हणाल्या, "त्ये बी हाय."

आज मालैला चुलीपाशी बसूच दिलं नाही त्यांनी. उठली की "बस." पुन्हा उठली की "बस म्हणतंय ना." शेवटी ती बसल्या बसल्या लसूण सोलायला लागली. बाबा साच्यावर आणि दत्तू पातेल्यापाशी, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि बोलतात ते ज्योतीरामशी. "तेका सांग, आग कमी कर." "बाबांना सांग, कमीच आहे." ट्रकवाल्यांना मोठी मौज वाटली.

माझ्याकडून बाबांनी लुगड्यांचं गाठोडं मागून घेतलं आणि मालैच्या पुढ्यात ठेवलं. "मऊ आसत," एवढंच म्हणाले. तिने उलगडून गालाला लावलं. मला खरंच आश्चर्य वाटलं. मोटारीसाठी आणली होती, पण वेळेला त्यांनाही सुचलं म्हणायचं.

शनिवार, ५ मे

आज फुटलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सोजराबाई आल्या होत्या. बाबांनी घसा साफ केला आणि ज्योतीरामकडे बघत म्हणाले, "तेका सांग, मी हिका बाळंतपणाक देवगडाक घेवन जातंय. पहिलटकरणीसारखीच ही. पहिला बाळंतपण माहेराक असता. हिचा माहेर समुद्रापलीकडे आसा. तर ता माझ्याकडे."

मी चाटच पडले. दत्तूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आज पहिल्यांदा तो थेट बोलला.

"नाही पाठवायची. नऊ वर्षांपूर्वी ही तुमच्या खळ्यात उन्हात उभी होती. पाणी तरी विचारलंत? पहिलं गेलं तेव्हा रात्रभर तापात काय बडबडत होती माहीत आहे? तिच्या भाषेत आईला हाका मारत होती. दुसरं गेलं तेव्हा तर हाकाही मारल्या नाहीत. तेव्हा कुठे होता तुम्ही? आता शेवया गोड लागल्या म्हणून आलात?"

बाबा खाली बघत होते. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. माझा बाप म्हातारा झाला आहे, हे मला त्या क्षणी दिसलं. ते म्हणाले, "बरोबर बोलता तो." ज्योतीरामला नाही, कोणालाच नाही. नुसतं म्हणाले.

बाहेर बैलगाडी गेली तिची चाकं तेवढी वाजली.

मालै उठली. आज तिला कोणी बस म्हटलं नाही. ती दत्तूसमोर जाऊन उभी राहिली.

"मी जानार."

"मालै, तू यांना ओळखत नाहीस."

"तुमी वळखता, म्हून तुमाला राग हाय. मला राग न्हाई. मला भ्या वाटतंय." तिने पोटावर हात ठेवला. "मागल्या दोन्ही टायमाला मी त्या साच्यावर हुते. तुमी नगं म्हनायचा, पर मानसं जेवाया दारात, मग मी उठायचे. सोजराबाय हुती, तिला तिची शेती. मला कुनीतरी पायजे, जे वरडून म्हनंल, उठू नगं, बस. ह्ये वरडत्यात." आणि हसली. "काल मला ह्येंनी धा येळा बसवलं. माजी आई बी अशीच वरडायची."

दत्तू बाहेर निघून गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा डोळे धुऊन आला होता. सोजराबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "पोरीचं सातवं सरत आलं. आठव्यात गाडीत बसवत न्हाईत. न्यायची आसंल तर उद्याच. तुजा बाप हिशोब करूनच आलाय रं बाबा."

बाबा हिशोबाला पक्के आहेतच. पण सोजराबाईंना कसा अंदाज आला कोण जाणे.

रविवार, ६ मे, सातारा

सकाळी निघालो. माझी गादी मालैला दिली. बरं झालं आणली ते.

निघताना बाबा गाडीत बसले, पुन्हा उतरले आणि दत्तूसमोर जाऊन उभे राहिले. मधे कोणी नाही. बापलेक तोंडासमोर तोंड.

"मी देवासमोर नारळ ठेवन बोललंय," म्हणाले. "झील म्हणान तू माझ्या दारात चढूचो नाय. ता काय बदलूचा नाय."

ज्योतीरामने मला हळूच विचारलं, "झील म्हंजे?" मी म्हटलं, मुलगा. आता जाता जाता हे कशाला?

"तेव्हा झील म्हणान येव नको," बाबा म्हणाले. "ही माझी लेक. तू माझ्या लेकीचो घोव म्हणान ये. जावयाक कोण दारात अडवीत नाय."

दत्तू नुसता बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही वाकडातिकडा झाला, की हसतो आहे की रडतो आहे ते कळेना. दोन्ही चाललं होतं. खाली वाकला, तर बाबा मागे सरले. "जावई पाया पडत नाय सासऱ्याच्या. आणि येताना रित्या हातान येव नको."

सोजराबाईंनी मालैच्या कपाळी कुंकू लावलं, ओटी भरली आणि मोठ्याने रडल्या. "माजी लेक न्हेताय, सांभाळा." बाबांनी त्यांना हात जोडले. त्यांना कोणापुढे हात जोडताना मी आज पहिल्यांदा बघितलं.

लेण्याद्री राहिलीच. गाडी पुण्याकडे वळली तेव्हा मी आठवण केली, "बाबा, नवस?" म्हणाले, "फेडूया मागीर. देव खंय जाता?" इतका जुना नवस, त्यासाठी आंबा सोडून निघालो, आणि पाऊण वाट येऊन परत! पण मालै बरोबर आहे, तेव्हा मीही हट्ट धरला नाही.

मंगळवार, ८ मे, फोंडा

मुक्कामाला पोचलो. उद्या देवगड.

तीन दिवस हळूहळू येतो आहोत. बाबा ज्योतीरामला बैलगाडीच्याही मागे ठेवतात. मालै माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपते. जागी झाली की विचारते, घरी विहीर आहे का, गाय आहे का, समुद्र किती लांब. समुद्र घरातून दिसतो म्हटल्यावर सरळ होऊन बसली. मग म्हणाली, तिच्या आईच्या घरातून नदी दिसते. तिकडे मालै म्हणजे फुलांचा हार, असंही सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही माळ म्हणजे तेच की ग.

माझ्या साध्या युक्तीतून केवढं घडलं, याचं मलाच नवल वाटतं. गाडी त्या दारात थांबली नसती तर? बाबांना हे कधी सांगायचं नाही असं ठरवलं आहे. आपल्याला कोणी फसवून नेलं हे कळलं तर त्यांच्या मनाला लागेल.

आज घाट उतरताना मात्र त्यांनी कमालच केली. रस्त्यावर दरडीचे बारीक धोंडे पडलेले होते. दोनदा गाडी आदळली, मालै झोपेत कण्हली. बाबांनी गाडी थांबवली, उतरले, आणि काठी घेऊन गाडीच्या पुढे चालू लागले. वाकायचे, धोंडा उचलायचा, दरीच्या बाजूला टाकायचा, पुढे जायचं. ज्योतीराम मागून पावलाच्या गतीने गाडी आणत होता. ऊन मावळेपर्यंत बाबा तसेच चालले. मी काचेतून दोनदा ओरडले, बाबा, बसा आता, दम लागेल. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

इतकी वर्षं या घाटातून जातो येतो आहोत. त्यांना रस्त्याची एवढी काळजी कधी नव्हती. वय झालं, दुसरं काय.